पणजोबांचे तीन ठिपके

सातारच्या स्टँडवर अण्णा मला सोडायला आले, तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीची चेन तीन वेळा उघडून बघितली. आत जेवणाचा डबा होता, पाण्याची बाटली होती आणि प्लास्टिकच्या जाड पाकिटात एक कागद होता. डब्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

"कागद मांडीवर ठेव. वर रॅकवर टाकू नकोस," ते म्हणाले. "आणि खिडकीशी बसून उघडू नकोस, वारा असतो."

"अण्णा, माझं वय चोपन्न आहे."

"कागदाचं शंभराच्या वर आहे," ते म्हणाले आणि चौथ्यांदा चेन बघितली.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय शहाऐंशी. मूळ गाव लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ तालुक्यात. पाटबंधारे खात्याच्या नोकरीनं त्यांना साताऱ्याला आणलं ते कायमचंच. साताऱ्यात राहायचं तर एक अडचण असते. आमच्या कॉलनीत घरटी एक माजी सैनिक आहे. संध्याकाळी पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर दोन हवालदार, एक नायक आणि एक सुभेदार बसतात, आणि त्यांच्यात अण्णा एकटे कालव्याची मापं काढणारे. बर्फ, गोळीबार, खंदक अशा गप्पा चालू असताना पाटाच्या गळतीची गोष्ट कोण ऐकणार? तेव्हा अण्णांनी फार वर्षांपूर्वी एक वाक्य कट्ट्यावर टाकलं: "माझे आजोबा पहिल्या महायुद्धात निजामाच्या रिसाल्याबरोबर (घोडदळाबरोबर) मिसरला गेले होते. सिपाही होते." मिसर म्हणजे इजिप्त. त्या एका वाक्यावर त्यांना कट्ट्यावर कायमची जागा मिळाली.

आता त्या वाक्याची परीक्षा आली होती. आमच्या गावची ग्रामपंचायत शाळेसमोर एक दगड उभारते आहे, गावातून लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. अण्णांनी सरपंचांना फोन करून आजोबांचं नाव सांगितलं. सरपंच म्हणाले, "घालतो की. पर कायतरी कागद दाखवा. न्हाईतर उद्या समदेच आपापले आजे घेऊन येतील."

कागद होता. पण उर्दूत होता. अण्णांचं उर्दू दुसरीपर्यंत. त्यानंतर निजामाचं राज्य गेलं आणि शाळेतली अक्षरं रातोरात बदलली. अख्ख्या कागदातला एकच शब्द त्यांना वाचता यायचा. लहानपणी मला मांडीवर घेऊन त्यांनी त्या शब्दावर इतक्यांदा बोट ठेवलं होतं की तिथं कागद मळकट झाला होता. सिपाही.

माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात माझी तीस वर्षं गेली. ज्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना स्वतःला लागत नाहीत, त्या मी पावसात भिजलेल्यासुद्धा लावल्या आहेत. पण या कागदापुढं मी हात टेकले. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुकान नवऱ्याच्या हवाली करून मी निघाले. पणजोबांना सिपाही ठरवून आणायचं, एवढंच काम होतं.

सोलापूरला गाडी बदलून नांदेडला उतरले ती कंबर धरूनच. सकाळी आंघोळ करून गुरुद्वाऱ्यात गेले, लंगरमध्ये डाळ-रोटी खाल्ली. एक वयस्क सरदारजी वाढत होते. मी "बस" म्हणून हात आडवा केला तर त्यांनी हाताच्या बाजूनं रोटी ताटात सरकवली. नांदेडशी माझी पहिली ओळख ही अशी, पोट भरलेल्या अवस्थेत झाली, आणि शहराबद्दल माझं मत तिथंच चांगलं झालं.

बाहेर येऊन रिक्षा केली. "कोर्टाजवळ चला. उर्दू कागद वाचून देणारे बसतात ना, तिथं."

"नोंद काढायली का ताई?" रिक्षावाल्यानं विचारलं. हल्ली मराठवाड्यात जुना उर्दू कागद घेऊन हिंडणारा माणूस दिसला की तो जातीची नोंद शोधतोय, हे रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे धरूनच चालतात.

"नाही हो. माझे पणजोबा शिपाई होते, त्याचा कागद आहे."

"कोणत्या शाळेत?"

मी म्हटलं, "शाळेत नाही, लढाईत." तो आरशातून माझ्याकडं बघत राहिला. मग समजूत काढल्यासारखं म्हणाला, "शिपायाची पेन्शन पणतीला न्हाई भेटत ताई. उगा हेलपाटे घालू नका."

मराठीनं या शब्दाचं काय करून ठेवलंय बघा. तिकडं सिपाही घोड्यावर बसून मिसरला गेला आणि इकडं शिपाई होऊन घंटा वाजवत बसला. दिवसभरात आणखी दोघांनी मला पणजोबांची शाळा विचारली. तिसऱ्याला मीच "जिल्हा परिषदेची" असं सांगून मोकळी झाले.

कोर्टाजवळ पत्र्याच्या शेडखाली रहीमसाहेब बसतात. अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारे. सत्तरी उलटलेली, मेंदी लावलेली दाढी, समोर लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर ठेवलेलं भिंग. भोवती नोंदीवाल्यांची ही गर्दी. माझा नंबर आल्यावर त्यांनी कागद उजेडाकडं धरला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, तशी सगळी गर्दी माझ्या पणजोबांसाठी गप्प झाली.

"तुकाराम वल्द रामजी. रिसाल्यासंगं मिसरला गेला होता. चालचलन नेक. आता घरी जायला रुखसत दिली." त्यांनी भिंग खाली सरकवलं. "गवाह, नरसय्या सवार, साकीन धर्माबाद. बस, एवढंच."

"आणि नावापुढं सिपाही," मी म्हणाले.

"हौ, तेच बघून राहिलो." भिंग वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. "ताई, इथं नुक्ते न्हाईत."

"म्हणजे?"

"नुक्ते. ठिपके. लिहिणारा घाईत असला का ठिपके देत न्हाई." त्यांनी पाठकोऱ्या कागदावर एक शब्द काढला. "या दाताखाली तीन ठिपके दिले, का झालं सिपाही. दोन दिले, का झालं सियाही."

"सियाही म्हणजे?"

"शाई," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

मी त्या शब्दाकडं बघत राहिले. एका ठिपक्यानं माझे पणजोबा घोड्यावरून थेट दौतीत पडले होते.

"आणखी सांगू का?" रहीमसाहेब म्हणाले. "गवाहाला बघा, सवार लिहिलंय. रिसाल्यात सगळे सवारच. सिपाही पायदळात. मग घोडेवाल्यांत हा एकला सिपाही काय करून राहिला होता?"

 माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि नीब त्या शब्दाखाली आणून थांबवली. "कागद तुमचा, आज्या तुमचा. बोला, तीन देऊ का दोन?"

खोटं कशाला सांगू, "तीन" माझ्या जिभेवर आलं होतं. अण्णा मला सोडायला काठी टेकत स्टँडवर आले होते. पण शेडखाली वीस माणसं बघत होती, आणि त्यातला एक म्हातारा भलताच हसत होता. मी म्हटलं, "राहू द्या. मी आधी विचारून येते."

"कोणाला? आज्याला?" रहीमसाहेबांनी टोपण लावलं. "असं करा, गवाहाला विचारा. धर्माबादच्या मोंढ्यात (बाजारात) मिरचीवाल्यांत सवारवाले म्हणून एक दुकान हाय. नाव उगाच पडत न्हाई."

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "वाचलं का?" मी म्हटलं, "वाचलं. चालचलन नेक आहे." ते इतके खूश झाले की पुढचं विचारायचं विसरले, आणि मीही सांगितलं नाही.

धर्माबादला रेल्वेनं गेले. तेलंगणाची हद्द जवळ आली की डब्यातलं बोलणं हळूहळू बदलत जातं. उमरीपर्यंत शेजारची बाई माझ्याशी मराठीत बोलत होती, पुढं तीच बाई पलीकडच्या बाईशी तेलुगूत माझ्याबद्दल बोलायला लागली. स्टेशनातून बाहेर पडल्यावर मोंढा कुठाय हे विचारायची गरज पडली नाही. नाकानंच सांगितलं. लाल मिरच्यांचे ढीग माणसाच्या उंचीएवढे, त्यावर अनवाणी उभे राहून फावड्यानं मिरच्या सारणारे लोक, आणि त्यांच्यापैकी कुणालाच काही होत नव्हतं.

सवारवाल्यांच्या दुकानात गादीवर चाळिशीचे एक गृहस्थ बसले होते. मी तोंड उघडलं आणि शिंकले.

"माझे पण... आक्छी... पणजो... आक्छी... आणि तुमचे..."

"बसा बसा, नवीन हाव तुम्ही," ते म्हणाले. "पयल्या दिवशी समद्यांचंच असं होतंय. शिंकून घ्या, मंग बोला."

शिंकून घेतलं. बराच वेळ लागला. मग त्यांना कागद दाखवला. ते नरसय्यांचे खापरपणतू, नाव नरसिंग. उर्दू त्यांनाही येत नव्हतं, पण तुकारामाचं नाव ऐकल्याबरोबर ते उठलेच. "चला, घरी चला. आमच्या आजीला सांगायला पायजे."

घर दुकानाच्या मागंच होतं. त्यांची आजी राजव्वा, ऐंशीच्या पुढची, अंगणात ऊन खात बसली होती. नातवानं तिच्या कानाशी तेलुगूत काहीतरी ओरडून सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, दोन्ही हातांनी माझा हात पकडला आणि म्हणाली, "सिरा तात! सिरा तात!"

तात म्हणजे आजोबा, एवढं मला रेल्वेत कळलं होतं. पण शिरा? मी हळूच वही काढून लिहिलं: "आचारी असावेत." म्हणजे दोन दिवसांत पणजोबा घोड्यावरून दौतीत आले होते आणि आता दौतीतून कढईत गेले. अण्णांना हे फोनवर कसं सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले. गोड शिरा करायचे का, असं मी विचारल्यावर नरसिंग इतके हसले की त्यांनाच ठसका लागला.

"शिरा न्हाई हो, सिरा! तेलुगूत सिरा म्हंजे शाई!"

तर पणजोबा शाईवाले होते. दोन ठिपके. राजव्वानं मग जे सांगितलं, ते तिनं लग्न होऊन या घरात आल्यावर आजेसासूकडून, म्हणजे खुद्द नरसय्यांच्या बायकोकडून ऐकलेलं होतं. ती निम्मं तेलुगूत सांगायची आणि नरसिंग ते मला मराठीत सांगायचे.

रिसाल्याच्या मुनशीच्या हाताखाली तुकाराम शाई करायला होता. काजळी, बाभळीचा डिंक, हिरडा, सगळं पाट्यावर घोटायचं. मिसरमध्ये मुनशी तापानं पडला. तेव्हा सवारांची घरी जाणारी पत्रं लिहायला कुणीच उरलं नाही, म्हणून हा शाईवाला बसला लिहायला. मुनशीचं बघून बघून त्याला लिहिता यायला लागलं होतं. फक्त एक अडचण होती. त्याला एकच पत्र लिहिता यायचं.

"एकच?" मी विचारलं.

"येकच. समद्या सवारांच्या घरी त्येच गेलं. आमचे तात म्हणले, लिही, माझा घोडा मेला. त्यो हाव हाव म्हणला आन् त्येच लिहिलं."

राजव्वानं डोळे मिटले आणि ते पत्र म्हणून दाखवलं. मूळ कागद वाळवीनं खाल्ला, पण आजेसासूला ते तोंडपाठ होतं आणि तिच्याकडून हिनं घेतलं होतं. "मैं खुशाल हूँ. फिकर नको. भैंस कू संभालो. अम्मा के पाँवां कू तेल लगाओ. तीसरा जाड़ा आने के अंदर आतूं."

जाडा म्हणजे थंडी. तिसऱ्या हिवाळ्याच्या आत येतो. पटवाऱ्यानं हे पत्र धर्माबादला वाचून दाखवलं तेव्हा नरसय्याची बायको बुचकळ्यात पडली, कारण त्यांच्याकडं म्हैस नव्हती. तिनं रात्रभर विचार केला. नवरा परमुलखातून म्हैस सांभाळ म्हणतोय, म्हणजे म्हैस घे म्हणतोय. सकाळी तिनं पाटल्या मोडल्या आणि म्हैस आणली. शिवाय सासूशी तिचं बोलणं नव्हतं, पण नवऱ्याचा हुकूम म्हणून रोज पायाला तेल लावायला लागली, त्यात बोलणं सुरू झालं. एका म्हशीच्या पाच झाल्या. नरसय्या परत आले तेव्हा दारात गोठा बघून त्यांना वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो.

"आमचं जे काय हाय ते त्या म्हशीपासून सुरू हाय," नरसिंग म्हणाले. "म्हणून आमच्यात दसऱ्याला सिरा ताताचं नाव घेऊन शाईच्या दौतीला हळद लावतेत."

राजव्वानं मला भाकरी, वरण आणि मिरचीचा खुडा, म्हणजे ठेचा, असं जेवू घातलं. निघताना पाच किलो मिरच्या दिल्या. मला इतका आनंद झाला होता की मी त्या घेतल्याही. माझा पणजोबा सिपाही नव्हता, पण एका घरात त्याच्या नावानं दौतीला हळद लागत होती. आणि ती म्हैस नक्की आमचीच असणार, असं मी धरून चालले. बिचाऱ्यानं स्वतःच्याच घरचं पत्र पाठ केलं असणार, दुसरं काय.

आता अण्णांना सांगायचं राहिलं होतं. फोन हातात घेऊन ठेवला, घेऊन ठेवला. शेवटी ठरवलं की गावात जाऊन सरपंचांसमोरच काय ते सांगू. चार माणसांत अण्णांना रडू येणार नाही, आणि मलाही.

सकाळच्या एसटीनं लातूरला निघाले. गाडी जवळजवळ रिकामी होती. लातूरच्या स्टँडवर उतरले तर दुकानं बंद, टपऱ्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कर्फ्यू लागलाय की काय, म्हणून मी एका पोलिसाकडं गेले.

"काय झालंय हो गावात?"

"येळवस हाय की ताई," तो म्हणाला. त्याच्या सुरात एवढं नवल होतं, की जणू मी त्याला आज सूर्य का उगवला असं विचारलं होतं.

वेळ अमावस्या! अण्णा दरवर्षी या दिवशी साताऱ्यात उदास होऊन बसतात आणि मी दरवर्षी विसरते. या दिवशी अख्खा लातूर जिल्हा शेतात जेवायला जातो. ज्याचं शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. घरी राहणं हा एकच गुन्हा. शिरूर अनंतपाळकडं जाणारी गाडी दुपारनंतर होती. मी मिरच्यांच्या पिशवीवर बसले असताना एक जीप थांबली. पुढं नवरा-बायको, मागं सासूबाई, पातेली आणि घोंगडी.

"कुठं जाऊलालाव?" पुढच्या बाईनं विचारलं. सांगितलं. "मंग बसा की. आमी तिकडंच जाऊलालोत. येळवशीला स्टँडवर बसून ऱ्हातेत का?"

एका अटीवर बसायला मिळालं. आंबिलीची (ज्वारीच्या पिठाच्या आंबट ताकाची) बिंदगी मांडीवर धरायची. बिंदगी म्हणजे लहान घागर, काठोकाठ भरलेली. पहिल्या खड्ड्यालाच मी आंबिलीनं न्हाले. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं असतंय," आणि पदरानं माझं तोंड पुसलं. कागद प्लास्टिकमध्ये होता म्हणून वाचला. अण्णांची भीती म्हातारपणाची आहे, असं आता मी कधी म्हणणार नाही.

जीपवाल्यांनी मला आमच्या गावच्या शिवारात, सरपंचांच्या शेताच्या बांधावर उतरवलं. गावात कुणीच नव्हतं, सगळे शेतात. कडब्याची कोप (खोप) उभारलेली, तिच्यात चुना लावलेल्या पाच दगडांची पूजा मांडलेली, आणि सरपंच शिवाप्पा "ओलगे ओलगे, सालम पोलगे" अशी येळवशीची हाळी देत हरभऱ्यावर आंबील शिंपडत चाललेले. मी ताकानं भिजलेली, हातात पाच किलो मिरच्या, अशी समोर उभी राहिले.

"शरणार्थ," शिवाप्पा हात जोडून म्हणाले. "साताऱ्याच्या ताई ना? आधी जेवा. कागद कुठं पळून जाऊलालाय?"

भज्जी पानात पडली. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे, पालेभाज्या, बोरं, असलं नसलं ते सगळं बेसनात शिजवलेलं. बाजरीचे वाफवलेले उंडे, वर तूप. पहिल्या घासाला कळलं, अण्णा साताऱ्यात उदास का होतात ते. दुसरी वाढ संपली तेव्हा मी धीर करून फोन लावला आणि आवाज मोठा करून घोंगडीवर ठेवला. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळं ते तिकडून ओरडत होते आणि इकडं अख्खं शेत ऐकत होतं.

"अण्णा, तुमचे आजोबा सिपाही नव्हते," मी म्हणाले.

"काय?" अण्णा तिकडून ओरडले.

"सियाही. ते शाई करायचे आणि सवारांची पत्रं लिहायचे. पण खरंच मिसरला गेले होते अण्णा, एवढं पक्कं आहे." मी घाईघाईनं म्हशीची सगळी गोष्ट सांगितली. शेतातले लोक हसून लोळायला आले. धर्माबादची सून पाटल्या मोडते तिथं तर शिवाप्पांचा ठसका थांबेना.

अण्णा हसले नाहीत. "म्हैस?" ते म्हणाले. "आपल्याकडं म्हैस कधीच नव्हती. दोन शेळ्या होत्या."

"म्हैस आमची," कुणीतरी म्हणालं.

मारुतीआबा बोलत होते. गावातले सगळ्यात म्हातारे, इतका वेळ कोपीला टेकून उंडा कुस्करत बसलेले. दगडावर पहिलं नाव ज्याचं घालायचं होतं, तो लक्ष्मण त्यांच्या आजोबांचा थोरला भाऊ. लक्ष्मण आणि तुकाराम गावातून संगंच गेले होते. "व्यायलेली म्हैस मागं ठिवून गेला होता म्हणं. तिच्यातच जीव त्याचा. आन् म्हातारीचे, त्याच्या आईचे, पाय दुखायचे." आबांनी हात पुसले. "त्यो तिकडंच तापानं गेला. सरकारचा कागद आला, त्योच आता सरपंचाला दिलाय. पर म्हातारीनं त्यो कुणालाबी वाचू दिला न्हाई. म्हणली, माझ्याजवळ त्याचं पत्र हाय, त्यात खुशाल हाय."

आता कुणी हसत नव्हतं. माझा तर्क असा, की तुकारामानं पहिलं पत्र लिहिलं ते लक्ष्मणाचं, त्याच्या सांगण्यावरून. तेवढंच त्याला येत होतं. लक्ष्मण गेल्यावरही ते तो लिहीत राहिला, नरसय्याच्या घरी, आणखी कुणाकुणाच्या घरी.

"काय होतं पत्रात?" अण्णांनी तिकडून विचारलं. ओरडून नाही, हळू.

मी राजव्वाच्या चालीवर म्हणाले, "मैं खुशाल हूँ. फिकर नको. भैंस कू संभालो. अम्मा के पाँवां कू तेल लगाओ."

"तीसरा जाड़ा आने के अंदर आतूं," अण्णा म्हणाले.

शेतात सगळे फोनकडं बघायला लागले.

"अण्णा? तुम्हाला कसं माहीत?"

"आजोबा रोज दिवेलागणीला तेलाची वाटी घेऊन पलीकडच्या आळीत एका म्हातारीकडं जायचे. मी त्यांच्या संगं जायचो, पाच-सहा वर्षांचा असेन. तिच्या पायाला तेल लावायचे. ती विचारायची, पत्र आलं का रं? मंग आजोबा हे म्हणायचे. मला वाटायचं मंत्र हाय. ती आपल्यातलीच कुणीतरी असेल असं वाटायचं मला."

मारुतीआबा फोनजवळ सरकले आणि फोनकडं तोंड करून म्हणाले, "पलीकडच्या आळीतलंच आमचं जुनं घर."

"हाव," अण्णा म्हणाले. साताऱ्यात इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी एकदाही ऐकला नव्हता.

मला रडू आलं. आंबिलीनं आधीच तोंड ओलं होतं, त्यामुळं फार कुणाला कळलं नाही. शिवाप्पांनी घसा साफ करून विचारलं, "मंग अण्णा, दगडावर काय घालू? सिपाही घालायला माझी ना न्हाई. समदं गाव तुमच्या बाजूनं हाय."

"वर लक्ष्मणाचं घाला. त्याच्याखाली तुकाराम रामजी, शाईवाले," अण्णा म्हणाले. "सिपाही नको."

मी परत आले ते मिरच्यांसकट. पाकिटातला कागद अण्णांनी पेटीत ठेवला आणि दोन दिवस कट्ट्यावर गेले नाहीत. मला भीती वाटत होती. हे सगळं मी उकरून काढलं नसतं तर त्यांची जागा तशीच राहिली असती, असंही मनात येऊन गेलं. माणसं पूर्वजांच्या शोधात निघतात ती बहुतेक मोठेपणा आणायला निघतात, मीही तशीच निघाले होते. तिसऱ्या संध्याकाळी अण्णा उठले, टोपी घातली आणि निघाले. मी दुकान लवकर बंद करून मागून गेले.

त्यांनी कट्ट्यावर सगळं सांगितलं. ठिपके, सिरा, म्हैस. हवालदार पोट धरून हसले. मग म्हातारीचं सांगितलं आणि ते पत्र म्हणून दाखवलं, पाचही वाक्यं. नायक नखं बघत बसले. सुभेदार एरवी बोलायला लागले की थांबत नाहीत. आज त्यांनी खिशातून फोन काढला. त्यांचा मुलगा लेहला आहे. दोन मिनिटं बोलणं झालं. जेवलास का, थंडी किती आहे, एवढंच.

"काय म्हणतोय?" अण्णांनी विचारलं.

"मजेत आहे म्हणतो. काळजी करू नका म्हणतो." सुभेदारांनी फोन मांडीवर ठेवला. "मीपण तिकडून बावीस वर्षं हेच सांगायचो, अण्णा."